तुम्ही विचारलंत म्हणून: ओव्हरटेक करताना ऑटोमॅटिक गाडी ओरडते का?

नवी ऑटोमॅटिक गाडी घेतलेले बरेच जण मला हे विचारतात. पुढच्या वाहनाला मागं टाकायला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की गाडी आधी क्षणभर अडखळते, मग इंजिन ओरडतं आणि त्यानंतर कुठं पिकअप मिळतो. गिअरबॉक्समध्ये बिघाड आहे का?

बिघाड नाही. गाडीनं गिअर पाडलाय. याला किकडाउन म्हणतात. मॅन्युअल गाडीत पाचव्यावरून तिसऱ्यावर येऊन तुम्ही स्वतः हेच करत होतात.

शांतपणे चालताना इंधन वाचावं म्हणून गिअरबॉक्स वरच्या गिअरवर जातो. इंजिन सावकाश फिरतं, पण तिथं जास्तीची ताकद फारशी नसते. ती वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला जास्त फेरे घेतं तेव्हा, मिळते. झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा ८एचपी गिअरबॉक्स घ्या, बीएमडब्ल्यूच्या कितीतरी गाड्यांत तो आहे. त्याच्या आठव्या गिअरचं प्रमाण ०.६६७ आणि चौथ्याचं १.६६७. म्हणजे आठव्यात १५०० आरपीएमवर फिरणारं इंजिन त्याच वेगाला चौथ्यात ३७५० वर जातं. चाकं अजून तेवढीच फिरतायत, इंजिन मात्र अडीचपट. आवाज त्याचाच.

आणि अडखळणं? पेडल खाली गेल्याचं सेन्सर कंप्युटरला कळवतो. इंजिनला गिअरबॉक्सशी तेलातून जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरचं लॉकअप, म्हणजे थेट पकड, सुटतं, एक क्लच ढिला होतो, आरपीएम नव्या गिअरला जुळेपर्यंत चढू दिले जातात आणि मग दुसरा क्लच पकडतो. हे न जुळवता पकडला तर सगळ्यांना हिसका बसेल. त्या क्षणात गिअरबॉक्स फार नाजूक काम करत असतो, आणि मला त्याचं खरंच कौतुक वाटतं.

एएमटीत, म्हणजे क्लच आणि गिअर यंत्रच हलवतं अशा मॅन्युअल गिअरबॉक्सात, ही फट जास्त जाणवते. भारतात २०१४च्या सेलेरिओपासून हा प्रकार सर्वसामान्यांच्या गाड्यांत आला. आत मॅन्युअलचाच गिअरबॉक्स आणि एकच क्लच. तो सुटला की गिअर बदलेपर्यंत चाकांना ताकदच पोचत नाही. दोन क्लचची डीसीटी चपळ, पण तिनं वरचा गिअर तयार ठेवलेला असताना तुम्ही खालचा मागितलात तर तिलाही थोडा वेळ लागतो. सीव्हीटीत ठरावीक गिअरच नसतात, त्यामुळं आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. ऊसतोडीच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीकडं दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढं असतो, रस्ता दुपदरी. चालक बाहेर पडतो, पेडल दाबतो, आवाजानं दचकून पाय उचलतो. कंप्युटरला वाटतं घाई संपली. तो वरचा गिअर टाकतो आणि गाडी समोरच्या लेनमध्ये मलूल होते.

म्हणून समोरचा रस्ता लांबवर मोकळा दिसला की आपल्याच लेनमध्ये असताना गिअर पाडून घ्या: मॅन्युअल मोड असेल तर त्यात, नाहीतर पेडल जरा आधी ठामपणे दाबून. ताकद आल्याचं जाणवलं की मगच बाहेर पडा, आणि ट्रॉली मागं पडेपर्यंत पाय उचलू नका. रस्त्याचा अंदाज चुकलाच, तर मात्र ब्रेक दाबून मागं या. एखाद्या मोकळ्या, सरळ रस्त्यावर साठच्या वेगानं किकडाउन करून पाहा. काही गाड्यांत पेडलच्या तळाशी खटका लागतो. तो ओलांडेपर्यंत दाबायचं.