आमची वाटचाल : सॉलिड पंधरा म्हणजे पंधराच

आम्ही पेपर मिलसाठी एकेडीचं इमल्शन बनवतो. एकेडी म्हणजे कागदाने पाणी पिऊ नये म्हणून, म्हणजे सायझिंगसाठी, लगद्यात टाकायचं मेणासारखं रसायन, आणि माल सुकवल्यावर जे उरतं ते सॉलिड, आमचं 15 टक्के. 2006 ला बोईसरला, तारापूर एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात सुरुवात केली. सामान म्हणजे एक जॅकेटवाली केटल, स्टार्च शिजवायची टाकी आणि एका डेअरीतून निघालेलं जुनं होमोजिनायझर, म्हणजे दाबाने बारीक मिसळणारं मशीन. तीन प्लंजरचं मशीन, पॅकिंग सतत गळायचं, पण एकदा दीडशे बारच्या दाबाला बसलं की एकेडीचं इमल्शन असं पडायचं की दूधच वाटावं. ते मशीन अजून आहे आणि मी ते विकणार नाही.

त्या वेळी वापीच्या बऱ्याच क्राफ्ट (खाकी कागदाच्या) मिल सायझिंगला रोझिन (राळ) आणि फटकडीवरच चालायच्या. रद्दीत कार्बोनेट (कागदात भरलेली खडूची पूड) वाढत गेलं, आणि फटकडीने पीएच साडेचारपर्यंत खाली आणला की कार्बोनेट फसफसतं, हेडबॉक्सवर (जिथून लगदा मशीनवर पडतो) फेसच फेस, मग फेस मारायचं डिफोमर ओता. एकेडी साडेसात-आठच्या पीएचला चालतं म्हणून मार्केट हळूहळू तिकडे वळलं आणि आम्ही वेळेवर तिथे होतो. पुढची बरीच वर्षं धंदा सुरळीत चालला.

मग 2019 चा मे. आमच्या सगळ्यात मोठ्या मिलमधून रात्री अकराला फोन, कॉब नव्वद येतोय. कॉब म्हणजे कागद किती पाणी पितो त्याचा आकडा, कमी तितकं चांगलं. जिथे तीस-पस्तीस यायला हवा तिथे नव्वद! एकेडीचं सायझिंग मशीनवर पूर्ण दिसत नाही, रोल ठेवल्यावर क्युअर (पक्कं) होतं, म्हणून म्हटलं सकाळपर्यंत थांबा. सकाळी पंच्याऐंशी. बॉक्सवाल्याने रोल परत पाठवले आणि मिलने आमच्या नावावर साडेअकरा लाखांची डेबिट नोट फाडली, म्हणजे नुकसान आमच्या खात्यावर टाकलं, वर जुनी बिलं पण अडकवली. पगाराला पैसे नव्हते, बायकोच्या बांगड्या बँकेत गेल्या. मला पण आधी वाटलं, उन्हात गाडी उभी राहिली असेल, गरमीत एकेडी हायड्रोलाइझ होतं, म्हणजे पाण्याशी लागून निकामी होतं आणि मग कितीही टाका सायझिंग येत नाही.

पण बॅचचं राखून ठेवलेलं सॅम्पल ओव्हनला 105 डिग्रीला सुकवलं तर सॉलिड 15.1. मग मिलच्या डोसिंग टाकीजवळच्या ड्रममधून सॅम्पल काढून आणलं, ड्रम आमचा, लेबल आमचं, सॉलिड 9.6! आमचे रिकामे ड्रम भंगारवाल्याकडे जायचे, तिथून एका माणसाने ते उचलून आपला पातळ माल भरला होता. हा माणूस चार वर्षं आमच्याकडे मार्केटिंगला होता, माझ्यासोबत डबा खाल्लेला. मिलच्या परचेसला रेट कमी मिळाला म्हणून अर्धा माल तिकडून घेतला होता आणि दोन्ही ड्रम एका रांगेत उभे होते. रिपोर्ट दाखवला, "बघू" म्हणाले, डेबिट नोट आजपर्यंत मागे घेतली नाही. तो माणूस अजून धंद्यात आहे. हे मी विसरलेलो नाही.

तेव्हा वाचवलं ते एका मशीनच्या छोट्या मिलवाल्या शेठने. 2007 पासून आमचा माल घेतात, मला भाऊ म्हणतात. फोनवर सगळं ऐकलं आणि म्हणाले, "भाऊ, तीन महिन्यांच्या मालाचे पैसे आजच टाकतो, माल दर आठवड्याला पाठवत राहा." लिहून काही घेतलं नाही. त्यांच्या लॅबमधली जुनी पितळी कॉब मोजायची रिंग पण मला दिली, शंभर चौरस सेंटिमीटरची, माझ्या टेबलावर असते.

आता मार्केटचं सांगायचं तर पेपरचा खप नाही बदलला, खपाची जागा बदलली. 2020 च्या लॉकडाऊनला न्यूजप्रिंट झोपलं, ऑनलाइन खरेदीने बॉक्स वाढले, जुलै 2022 च्या प्लास्टिकबंदीनंतर पिशवीच्या आणि कपाच्या पेपरची विचारणा वाढली. बऱ्याच मिलचं पाणी आता बाहेर जात नाही, तेच फिरतं, त्यामुळे कचरा साठतो, वास येतो, रिटेन्शन (लगद्यात माल धरून राहणं) बिघडतं आणि एकेडी वायरवर (मशीनच्या जाळीवर) न थांबता पाण्यात निघून जातं. तरी परचेसवाला अजून ड्रमचाच रेट विचारतो! अहो, समजा आमचा 15 टक्क्यांचा माल किलोला 45 रुपये आणि दुसऱ्याचा 10 टक्क्यांचा 36, तर सॉलिडच्या किलोला आमचे 300 पडतात आणि त्याचे 360. एक ओव्हन आणि एक काटा घ्या, प्रत्येक गाडीचं सॅम्पल सुकवा, एवढंच करा.

आणि नवीन मुलांनो, उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून बिलावर नंबर छापा. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत (लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15) दिले नाहीत तर इन्कम टॅक्सच्या नियमामुळे (1961 च्या कायद्यातलं 43 बी(एच)) घेणाऱ्याला तो खर्च पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो. 2019 ला हे असतं तर मी एवढा अडकलो नसतो.

आता आमच्या प्रत्येक ड्रमला नंबरचं सील असतं आणि रिकामा ड्रम आमचीच गाडी परत आणते, भाडं आमचं. उन्हाळ्यात गाडी रात्री नऊनंतरच निघते, वरून ओली पोती टाकून, आणि पहिला थांबा शेठच्या मिलचाच असतो.