चौदा किलोचा नर बाजूला ठेवला: टर्कीच्या पैदाशीची यंदाची वही

८ एप्रिलच्या रात्री मी इन्क्युबेटरच्या काचेला कान लावून बसले होते. पिलू आतून टोचा मारतं तेव्हा पत्र्याच्या डब्यावर नखानं टिचकी मारल्यासारखा आवाज येतो, आणि मधेच एक बारीक 'पीप'. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत २८ अंड्यांतून २० पिलं बाहेर आली. गेल्या साली ह्याच मशीनमध्ये ३२ अंडी ठेवली होती आणि हाताला ६ पिलं लागली होती. मशीन तेच, शेड तीच. यंदा माझा १४ किलोचा ब्राँझ जातीचा नर पैदाशीच्या कप्प्याबाहेर होता.

बेळगावजवळच्या आमच्या येळ्ळूरच्या शिवारात बासमतीचं बी राखायचं म्हणजे भरलेली, लांब लोंबी बघूनच बाजूला काढतात. मीही तोच हिशेब पक्ष्यांना लावला. सगळ्यात मोठा नर, सगळ्यात जड माद्या. पिसारा फुलवून तो उन्हात उभा राहिला की राजहंसगडावर जाणारे लोक गाडी थांबवून फोटो काढायचे. दिसायला तो खरंच राजा होता. पण गेल्या सालच्या मार्चमध्ये मी तासन् तास कप्प्यासमोर बसून बघितलं, तेव्हा गोष्ट कळली. तो मादीवर चढायचा, पाय आपटत तोल सावरायचा, आणि तसाच घसरून खाली यायचा. नर टर्कीला आत घालायचं इंद्रिय नसतं. नराचं आणि मादीचं शेपटीखालचं द्वार एकमेकांना क्षणभर टेकावं लागतं, तेव्हाच वीर्य पोचतं. छातीचं मांस इतकं पुढं आलेलं असलं की त्याचं मागचं अंग खाली वळतच नाही. मादी बिचारी दहा-पंधरा मिनिटं वजन सोसत बसते. त्याच्या नखांनी एका मादीची पाठ काखेपासून कमरेपर्यंत फाटली होती. हळद भरून तिला तीन आठवडे वेगळं ठेवलं. जुन्या ताडपत्रीचं खोगीर शिवून बाकीच्यांच्या पाठीवर बांधलं, पण त्यानं जखमा थांबल्या, अंडी कोरीच राहिली. दहाव्या दिवशी टॉर्च लावली तर ३२ पैकी २१ अंडी नुसती पिवळी चमकली, आत शीर नाही की ठिपका नाही.

परदेशात मांसासाठी पाळतात ती रुंद छातीची पांढरी जात तर नैसर्गिक मीलनातून जवळपास वाढतच नाही. तिची जवळपास सगळी पैदास कृत्रिम रेतनावर चालते. जितकं वजन वाढवत नेलं तितकं हे काम पक्ष्याच्या हातून निसटत गेलं. आणि हे नुसतं नराचं नाही. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात कार्ल नेस्टर यांनी टर्कीचे वेगवेगळे कळप कित्येक पिढ्या चालवले. एकात फक्त १६ आठवड्यांचं वजन बघून निवड, दुसऱ्यात फक्त अंड्यांची संख्या बघून. वजनाच्या कळपात वजन वाढत गेलं आणि अंडी घटत गेली. अंड्यांच्या कळपात अंडी वाढली आणि पक्षी बारीक होत गेले. एकच दोरी, दोन टोकं. हे वाचलं त्या रात्री मी माझी निवडीची जुनी यादी फाडून नवी लिहायला घेतली.

नोव्हेंबर ते जानेवारी

मोठ्या नराला नोव्हेंबरमध्येच वेगळ्या कप्प्यात हलवलं. इतक्या आधी का, तर टर्कीच्या मादीच्या शरीरात वीर्य साठवायच्या बारीक नळ्या असतात आणि त्यात ते सहा-सात आठवडेसुद्धा जिवंत राहू शकतं. नर बदलला आणि लगेच अंडी ठेवली, तर पिलू कुणाचं हे सांगता येत नाही. ज्यांना नोंद ठेवायची आहे त्यांनी ही वाट बघाच.

नवा नर चंदगडकडच्या एका हौशी पाळणाऱ्याकडून अदलाबदलीत घेतला. वजन ८.२ किलो, पाय सरळ, चाल हलकी. शेजारचे तात्या कुंपणापाशी येऊन म्हणाले, "एवढा दांडगा सोडून ह्या बारक्याला का ठेवलीस गे? बी मोठं तर पीक मोठं." मी त्यांना कोऱ्या अंड्यांची वही दाखवली. त्यांनी दोनदा पानं उलटली आणि म्हणाले, "मग बघू की."

माद्या पाच. नराला एवढ्याच ठेवल्या. पायात रंगीत कड्या आहेत: लाल, निळी, पांढरी, पिवळी आणि हिरवी. लाल, निळी, पांढरी ४.८ ते ५.२ किलोच्या. पिवळी मुद्दाम बारीक ठेवली, ४.१. हिरवी गेल्या सालची, ६.४ किलोची; तुलनेसाठी तिला राहू दिलं.

वजन कसं करते ते सांगते, कारण बरेचजण इथेच कंटाळतात. तांदळाचं रिकामं पोतं घ्यायचं, एका कोपऱ्याला डोकं बाहेर येईल एवढं भोक पाडायचं. दिवस मावळल्यावर पक्षी शांत असतो तेव्हा पंख मिटवून आत सरकवायचा आणि ताणकाट्याला लटकवायचा. अंधारात ती फडफडत नाही. मग बोटं छातीच्या हाडावर फिरवायची. हाड सुरीसारखं टोचलं तर मादी खंगलेली. हाड सापडतच नाही, नुसता गुबगुबीत मांसाचा गोळा लागतो, तर चरबी जास्त. हाड बोटाला कळतं पण बोचत नाही, ती माझी मादी. काट्यापेक्षा ह्या बोटांवर माझा जास्त विश्वास बसत चाललाय.

वाढीच्या काळात खाद्य मोजूनच घातलं. मका कमी केला, घास आणि पालेभाजी वाढवली. अंड्यावर आल्यावर मात्र मादीचं खाद्य तोडायचं नाही. टर्की अंड्यावर आली की खाणं कमी करते आणि अंगातली शिल्लक खर्चते. माझी निळी ५.१ वरून दोन महिन्यांत ४.७ वर आली. म्हणून सुरुवातीला अंगात थोडी पुंजी हवीच. बारीक म्हणजे उपाशी नव्हे.

उजेड

टर्कीला अंड्यावर यायला दिवसाला साधारण १४ तास उजेड लागतो. आपल्या बेळगावला जूनमधला सगळ्यात मोठा दिवससुद्धा १३ तासांच्या आसपास, आणि डिसेंबरचा जेमतेम सव्वाअकरा. म्हणून पहाटे साडेचारपासून बल्ब. नराला १० जानेवारीपासून, माद्यांना १ फेब्रुवारीपासून. नराचं वीर्य तयार व्हायला जास्त वेळ जातो, त्यामुळे त्याला तीनेक आठवडे आधी उजेड द्यावा लागतो.

१९ फेब्रुवारी ते १० मार्च

पहिलं अंडं १९ फेब्रुवारीला, लाल कडीवालीचं. कोणती कुठलं अंडं घालते हे कळावं म्हणून पेट्यांना झडप लावली: मादी आत गेली की झडप पडते, मी येऊन तिला सोडते आणि अंड्यावर पेन्सिलीनं रंगाचं अक्षर लिहिते. टर्की बहुतेक दुपारी घालते, त्यामुळे जेवणं उरकून दर अर्ध्या तासाला फेरी. शिवणाचं काम पुढ्यात घेऊन मी तिथेच बसत होते.

पहिल्या वीस दिवसांत एकूण ४६ अंडी. लाल ११, निळी १२, पांढरी ११. पिवळी दहा दिवस उशिरा अंड्यावर आली, ६. हिरवीची ६, आणि त्यातलं एक दोन बलकांचं, एक कवच नसलेलं, हातात घेतलं तर भिजल्या फुग्यासारखं लिबलिबीत.

हिरवीचं असं का, ते समजून घेण्यासारखं आहे. मादीच्या अंडाशयात पिवळे बलक लहान-मोठे असे ओळीनं लागलेले असतात, अंड्याच्या नळात एका वेळी एकच उतरायचा असतो. वजनासाठी निवडलेल्या आणि भरपूर खाणाऱ्या मादीत अशा दोन ओळी एकदम तयार होतात. मग दोन बलक एकत्र उतरतात, किंवा एकावर कवच चढायच्या आतच दुसरा मागून ढकलतो. कधी बलक नळात न जाता पोटातच पडतो आणि मादी आजारी पडते. आत माल भरपूर, पण बाहेर येणारी अंडी कमी आणि वाकडी. गेल्या साली मला वाटायचं कवचासाठी घालतो तो शिंपल्याचा चुरा कमी पडतोय; चुरा वाढवून काहीच झालं नव्हतं.

खुडूक पांढरी बसली, ८ मार्चला. तिला दोन दिवस तारेच्या उघड्या पिंजऱ्यात ठेवलं, वारा लागेल असं, आणि उठली.

१२ मार्च: मशीन

दहा दिवसांच्या आतली २८ अंडी ठेवली. लाल-निळी-पांढरी मिळून २०, पिवळीची ५, हिरवीची ३. तापमान ३७.५ अंश. अंड्यांची वजनं: पिवळी ६८ ग्रॅमच्या आसपास, मधल्या तिघींची ८०, हिरवीची ९२.

दहाव्या दिवशी टॉर्च. त्या रात्रीचं काय सांगू! अंड्यामागून अंड्यात लाल कोळ्याचं जाळं, मध्ये काळा ठिपका, आणि तो ठिपका हलतोय. फक्त ४ कोरी: मधल्यांची ३, हिरवीचं १. पंचविसाव्या दिवशी फिरवणं बंद केलं, पाण्याची थाळी मोठी ठेवली.

निकाल: मधल्यांच्या १७ फलित अंड्यांतून १५ पिलं, पिवळीच्या ५ मधून ४, हिरवीच्या २ मधून १, तेही सगळ्यांत शेवटी. पिलाचं वजन अंड्याच्या साधारण दोन तृतीयांश भरतं. माझ्याकडे पिवळीची ४४ ग्रॅम, मधल्यांची ५२, हिरवीचं ६०. पिवळीची पिलं निघाली चांगली, पण दोन पिलांना तीन दिवस हातानं भरवावं लागलं. टर्कीचं पिलू मुळातच खायला शिकायला मंद. खाद्यावर रंगीत गोट्या ठेवून बोटानं टकटक करावं लागतं, आणि बारक्याला तग धरायला अंगात साठाही कमी. म्हणून पुढच्या साली ४.५ किलोच्या खाली मादी ठेवणार नाही. वरची रेघ ५.५.

एक गोष्ट मोकळेपणानं सांगायला हवी: चंदगडचा नर एक वर्षाचा आहे, माझा मोठा तीन वर्षांचा. वयानंही फरक पडतो. पाच माद्या आणि एक हंगाम, एवढ्यावर मी सगळं वजनावर टाकत नाही. पण तो घसरणारा पाय मी डोळ्यांनी बघितलाय.

नव्यानं घेणाऱ्यांसाठी: बेल्ट्सव्हिल स्मॉल व्हाइट ही जात अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९३० च्या दशकात मुद्दाम लहान अंगाची म्हणून बनवली. त्या रक्ताचा आणि आपल्या काळ्या देशी टर्कीचा संकर म्हणजे तमिळनाडूची नंदनम टर्की १. घरच्या शेडमध्ये नर-मादी सोडून पैदास करायची तर असलंच रक्त शोधा. आणि कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात ठेवू नका. कोंबडीला फारसा न बाधणारा काळ्या डोक्याचा रोग टर्कीला मारतो.

१३ एप्रिल

काल संध्याकाळी वळीव आला आणि अडीच तास लाईट नव्हती. मशीनवर दोन गोधड्या टाकल्या, झाकण एकदाही उघडलं नाही. काटा ३४ पर्यंत उतरून परत चढला. आत ८ तारखेला ठेवलेली २२ अंडी आहेत, हिरवीचं एकही नाही. मोठा नर अजून शेडच्या दक्षिणेच्या कप्प्यात पिसारा फुलवून फिरतो; त्याला मी विकणार नाही. तात्या सकाळी येऊन पिलं मोजून गेले आणि त्यांच्या नातवासाठी चार मागून ठेवली. १८ तारखेला टॉर्च लावणार.