सत्तरीतला मोबाइलचा वर्ग: आधी वेळ, मग खोली, मग धडा

ज्येष्ठांच्या निवासात किंवा ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये मोबाइलचा वर्ग सुरू करायचं ठरलं, की पहिली चर्चा होते ती शिकवायला कोणाला बोलवायचं याची. ती नंतर करा. वर्ग गळतात ते बहुतेक वेळ आणि खोली चुकल्यामुळे. विषय अवघड म्हणून गळणारे त्या मानाने थोडेच.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. निवासात टाकी असते. पण बाहेरून येणारे सभासद पाण्याच्या दिवशी घर सोडत नाहीत, आणि त्यांनी सोडावं अशी अपेक्षाही धरू नये. पाण्याचा दिवस आठवड्यागणिक सरकत असल्यामुळे कुठलाही एक वार धरला तरी तो कधी ना कधी आडवा येणारच. त्यावर उपाय एकच: तोच धडा आठवड्यात दोनदा घ्यायचा, मंगळवारी आणि शुक्रवारी. ज्याचा एक बुडेल तो दुसऱ्याला येईल. जो दोन्हींना येईल त्याची उजळणी होईल, आणि या वयात उजळणी हाच खरा वर्ग असतो. सोमवार टाळलेला बरा, श्रावणात निम्मे लोक सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेलेले असतात. जानेवारीत संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेचा आठवडा तर सरळ सुट्टीचा धरा.

वेळ साडेनऊ ते पावणेअकरा. नाश्ता आणि गोळ्या झालेल्या असतात, आणि मधुमेह असलेल्यांचं जेवण लांबत नाही. रक्तदाबासाठी लघवीची गोळी बरेच जण सकाळीच घेतात, म्हणून पस्तीस मिनिटांनी दहा मिनिटांची सुट्टी हवीच आणि स्वच्छतागृह त्याच मजल्यावर हवं. हे कोणी तोंडाने मागत नाही, दोन वर्गांनंतर यायचं थांबतात एवढंच. मार्चअखेरपासून पहिल्या पावसापर्यंत वर्ग आठला सुरू करा. मे महिन्यात अकराच्या उन्हात कोणालाही घरी पाठवू नका.

आता खोली. सतरंजी नको. हात टेकायला दांडे असलेल्या खुर्च्या हव्यात, बसायची उंची साधारण अठरा इंच. पण सोलापुरात सगळ्यात जास्त नुकसान करतो तो कूलर. वय झालं की आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ, थ ही अक्षरं निसटतात आणि शब्दाचा नुसता सांगाडा उरतो. त्यात कूलरचा घरघराट मिसळला की ‘सेव्ह’ आणि ‘सेंड’ एकच वाटतात. शिकवणारा मग ओरडायला लागतो. ओरडल्याने आवाज आणखी चिरका होतो आणि फायदा काहीच होत नाही. सूर खाली आणा, वेग कमी करा, तोंड वर्गाकडे ठेवा, कारण पुष्कळ जण ओठ पाहून अर्थ लावत असतात. सांगताना कूलर बंद, सराव करताना चालू, असा नियमच करून टाका. फळाही खाली, बसलेल्याच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवा. दुहेरी काचेचा चष्मा असला की वर फळा आणि खाली मोबाइल पाहताना मान सारखी हलते, आणि अर्ध्या तासात ती दुखायला लागते.

एका वर्गात बारा जण पुरेत, आणि दर तिघांमागे एक मदतनीस. मदतनीसाला एकच सूचना द्या: हात पाठीमागे. समोरच्याचा मोबाइल हातात घेऊन ‘हे बघा, असं’ म्हटलं की काम होतं, पण शिकणं तिथेच थांबतं.

पहिला पूर्ण वर्ग फक्त मोबाइल नीट लावून घेण्यात घालवा. तो वेळ वाया जात नाही. अक्षर मोठं करा. बोटं कोरडी असली की स्पर्श लागत नाही, मग लोक जोरात आणि लांब दाबतात, आणि लांब दाबलं की वेगळीच यादी उघडते किंवा चिन्ह जागेवरून हलतं. ‘आपोआप गेलं’ ही तक्रार येते ती यातूनच. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन दाबून धरण्याचा वेळ वाढवला की हे बरंच थांबतं. व्हॉट्सॲपवर येणारे फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरतात ते बंद करा, नाहीतर सुप्रभातच्या फुलांनी जागा भरते आणि नेमकं पेन्शनचं ॲप उतरवताना ‘जागा नाही’ येतं.

भाषेची अडचण इथलीच आहे. आपल्या वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे शेजारी शेजारी बसतात. शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी आजी मराठी फर्डी बोलतात, पण वाचता येतं ते तेलुगू, किंवा काहीच नाही. नाव नोंदवतानाच विचारा: वाचायला कोणती लिपी सोपी जाते? मोबाइल त्या भाषेत लावा. मग बारा मोबाइलवर चार भाषा होतात आणि ‘सेटिंग्ज लिहिलंय तिथे दाबा’ हे वाक्य निकामी ठरतं. म्हणून चित्राने शिकवा: सेटिंग्जचं दातेरी चाक, पाठवायचं कागदी विमान, बोलायचा माइक. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना माइकचं बटण आधी दाखवा. बोललेलं अक्षरात उमटताना पाहिलं की पुढचं शिकायला त्या आपणहून हात पुढे करतात.

प्रत्येकाची एक वही, एका पानावर एकच काम, पायऱ्या स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या लिपीत. छापील कागद वाटू नका, तो घडी घालून पाकिटात जातो आणि तिथेच राहतो. पिन मात्र वहीत कधीच लिहायचा नाही.

पेन्शन चालू राहावी म्हणून दरवर्षी द्याव्या लागणाऱ्या हयातीच्या दाखल्याला दोन पूर्ण धडे द्या. मागावर किंवा विड्या वळण्यात आयुष्य गेलेल्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र ते घेत नाही आणि माणूस आपलंच काही चुकलं म्हणून खजील होतो. त्यांच्यासाठी चेहऱ्याने ओळख पटवण्याची सोय आहे. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन्ही ॲप लागतात. आधार, पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा), खाते नंबर आणि ओटीपी येईल तो मोबाइल जवळ हवा. चेहरा दोनदा घेतला जातो, आधी ऑपरेटर, म्हणजे ॲप चालवणारा म्हणून आणि मग पेन्शनधारक म्हणून. घरी एकटेच करत असलात तरी दोन्ही वेळा तुमचाच. पहिल्यांदा झालं की काम संपलं असं वाटून ॲप बंद करणारे पुष्कळ. प्रमाण आयडी, म्हणजे दाखल्याचा नंबर आल्याशिवाय काम झालं असं समजू नका. कॅमेऱ्याची काच पुसा, खिडकीकडे तोंड करून बसा, डोळ्यांची उघडझाप करा. पेन्शन देणारी संस्था यादीतून चुकीची निवडली तर दाखला नाकारला जातो, म्हणून तिथे दोघांनी वाचून खात्री करा. आणि गिरणीतून निवृत्त झालेल्यांना हे नक्की सांगा: ईपीएस-९५ च्या, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाच्या कार्यालयाकडून येणाऱ्या पेन्शनला सरकारी पेन्शनसारखी नोव्हेंबरची सक्ती नाही. वर्षात कधीही दाखला द्या, तिथून बारा महिने चालतो. उगाच नोव्हेंबरात रांगेत उभं राहू नका.

पैशांचा सराव शेजारच्याला एक रुपया पाठवून करा, आणि मग त्याच्याकडून परत घ्या. परत घेताना पिन विचारला गेला नाही हे प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. पैसे येण्यासाठी पिन लागत नाही, ही एक गोष्ट हाताला पटली की निम्मी फसवणूक दारातच अडते. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल उघडायची नाही, ती पत्रिका नसते, मोबाइलमध्ये शिरणारं ॲप असतं. व्हिडिओवर पोलिसाचा गणवेश दाखवून ‘डिजिटल अटक’ सांगणाऱ्याचा फोन ठेवून द्यायचा, कायद्यात तसली अटक नाही. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मधेच थांबवता येण्याची शक्यता जास्त. मदतीचा हा नंबर सोलापूरकराला पाठ करावा लागत नाही. इंग्रजांनी शहरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल लावला ते साल १९३०, आणि त्या लढ्यात फासावर गेलेल्या चौघांचे पुतळे आपण येता-जाता पाहतो.

आठ आठवड्यांनी वर्ग संपला तरी शुक्रवारचा तास बंद करू नका. ॲप अद्ययावत झालं की बटणांची जागा बदलते आणि वहीतलं पान जुनं होतं. त्या तासाला नवा धडा नको. ज्याला जे अडलं ते घेऊन त्याने यावं, आधी शेजारच्याला विचारावं, आणि पानावरची पायरी खोडून नवी लिहून घरी जावं.