धरण टिकेल का हो?

मी कोयना धरणावर नोकरी केली आहे असं कळलं की समोरचा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला विचारतोच, "पुन्हा 1967सारखा भूकंप झाला तर धरण टिकेल का हो?" लग्नाच्या पंगतीत विचारतात, एसटीत शेजारी बसलेले विचारतात. मागच्या आठवड्यात कराडच्या एका दवाखान्यात रक्त तपासायला गेलो होतो, तर दंडाला रबर बांधता बांधता तिथल्या मुलीनं विचारलं. तिचं माहेर पाटणकडचं. पाटण, कराड आणि तिथून खाली कृष्णाकाठानं सांगलीपर्यंतची सगळी वस्ती त्या पाण्याच्या खालच्या अंगाला आहे. विचारणाऱ्याच्या पोटात भीती असते, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

माझ्या मते भिंत टिकेल. का, ते सांगतो. आणि मग ज्याची मला खरी काळजी वाटते आणि जे कुणी विचारत नाही, तेही सांगतो.

11 डिसेंबर 1967, पहाटे 4 वाजून 21 मिनिटं. 6.3 रिश्टरचा धक्का. सुमारे 180 माणसं गेली. दख्खनचं पठार अचल आहे, इथं मोठा भूकंप व्हायचा नाही, अशी तोवर भल्याभल्यांची समजूत होती. धरणाचा हिशेब करताना भूकंपाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या 5 टक्के धरला होता. त्या पहाटे धरणाच्या गॅलरीतल्या, म्हणजे भिंतीच्या पोटातल्या बोगद्यातल्या, यंत्रानं 63 टक्क्यांपर्यंतचा हिसका नोंदवला. हिशेबातला आकडा आणि यंत्राचा आकडा यांची सरळ तुलना करता येत नाही, एवढं मला कळतं. तरी किती कमी धरलं होतं ते यावरून समजावं.

धरणाला तडे गेले. उंची 103 मीटर. पायापासून साधारण 66 मीटरवर मागच्या, म्हणजे पाणी नसलेल्या, बाजूचा उतार एकदम बदलतो आणि तिथून वर भिंत मानेसारखी बारीक होते. तडे नेमके त्या मानेवर, पुढच्या आणि मागच्या दोन्ही अंगांना. काही ठिकाणी पाणीही झिरपलं. पण भिंत उभी राहिली. पुढं तडे इपॉक्सी नावाच्या चिकट रसायनानं भरले, वरून पोलादी तारा ओवून ताणल्या आणि ज्या भागावरून पाणी सोडत नाहीत तिथं मागून काँक्रीटचे जाड टेकू दिले. सांडव्याच्या भागाचं मजबुतीकरण मात्र 2000 सालानंतर झालं. म्हणजे मधली तीसेक वर्षं गेली. हा काळ मला फार वाटतो. जी गोष्ट क्वचित घडते, तिच्यासाठीचा पैसा दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलता येतो, आणि ढकलणाऱ्याला त्याच्या कारकिर्दीत कुणी जाब विचारत नाही.

नकाशाचंही तसंच. भूकंपाच्या नकाशात कोयना सगळ्यात निर्धोक पट्ट्यांत होती, ती 1970च्या नकाशात चौथ्या झोनमध्ये गेली. झोनचा आकडा जेवढा मोठा, तेवढा धोका जास्त. पण किल्लारी? ती पहिल्या झोनमध्येच राहिली. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे तिथं जे झालं ते महाराष्ट्राला सांगायला नको. जिथं घडून गेलं तिथला रंग बदलायचा, ही आपली पद्धत.

आता माझ्या घरची गोष्ट. माझे वडील धरणावर कामाला होते. आम्ही कोयनानगरला चाळीत राहायचो. दगडमातीच्या भिंती, वर जड छप्पर, दोन खोल्या. मी सात वर्षांचा होतो. त्या दिवशी वडिलांना रात्रपाळी होती. आई सांगायची, आधी जमिनीखालून बैलगाड्या पळाव्यात तसा आवाज आला. मला आवाज आठवत नाही, तोंडात गेलेली माती आठवते. आईनं मला आणि धाकट्या भावाला दारातून बाहेर ढकललं. शेजारच्या खोलीतली मावशी आणि तिच्या दोन मुली बाहेर आल्याच नाहीत.

वडील त्या वेळी धरणावर होते. अंधार, फोन बंद, वस्तीचं काय झालं ते कळायला मार्ग नाही. आणि भूकंपानंतरचं पहिलं काम असतं गॅलरीत उतरून किती पाणी येतंय ते बघायचं. ते बॅटरी घेऊन उतरले. धरणाच्या पोटात उतरणं म्हणजे काय, ते सांगतो, कारण पुढं वीस वर्षं मीही उतरलो. माणूस ताठ चालू शकेल एवढा बोगदा. भर उन्हाळ्यातही भिंतीला गारवा, कडेच्या गटारातून वाहत्या पाण्याचा आवाज. त्या गटारात त्रिकोणी खाच कापलेली पोलादी पाटी असते, आम्ही तिला व्ही-नॉच म्हणतो. खाचेतून पाणी किती उंचीनं वाहतंय ते पट्टीनं मोजायचं आणि वहीत लिहायचं. कालपेक्षा दोन मिलिमीटर जास्त असेल तर पुन्हा मोजायचं. धरणाची तब्येत त्या पट्टीवर कळते. वडिलांनी त्या पहाटे आमची खबर नसताना ती पट्टी धरली, धक्के चालूच असताना. घरी आले ते ऊन वर आल्यावर.

धरण राहिलं, धरण सांभाळणाऱ्यांची घरं पडली. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आहे. भिंतीचा हिशेब कमी पडला तरी निदान कुणीतरी केला होता. चाळीचा हिशेब कुणी केला होता? धरण म्हणजे नुसती भिंत नव्हे. पट्टी धरणारा माणूस, त्याचं घर, त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता, फोन, दरवाजे उचलणारी वीज, ती गेली तर जनरेटर, असं मिळून धरण होतं. जुलै 2021च्या पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या, रस्ते तुटले. त्या रात्री धरणाची भिंत जागच्या जागी होती. पण पाळी बदलायला निघालेल्या माणसानं पोचायचं कसं?

जनरेटरचं मी डोळ्यांनी पाहिलंय. कोयनेच्या आधी एका लहान धरणावर होतो, नाव सांगत नाही. तिथला जनरेटर दर सोमवारी दहा मिनिटं चालवायचे, रजिस्टरात 'चालू स्थितीत' अशी सही व्हायची. चालवायचे रिकामा, लोड न टाकता, म्हणजे त्याला दरवाजाची मोटर न जोडता. एका श्रावणात रात्री लाइन गेली आणि पाणी चढायला लागलं. जनरेटर एका झटक्यात सुरू झाला. दरवाजाची मोटर जोडली आणि सात-आठ मिनिटांत गचके देत बंद पडला. टाकीच्या तळाचा गाळ फिल्टरमध्ये येऊन बसला होता. रिकामं इंजिन तेवढ्या डिझेलवर निभावायचं, लोड आल्यावर त्याला ओढ लागली आणि फिल्टर तुंबला.

मग हातानं दरवाजा उचलायचा. त्यासाठीचं हँडल कोठीत, कोठीला कुलूप, किल्ली स्टोअरकीपरकडे, स्टोअरकीपर ओढ्यापलीकडे आणि ओढा दुथडी भरलेला. आम्ही पहारीनं कुलूप तोडलं. चौघं आळीपाळीनं हँडल मारत होतो. शंभर फेरे झाले की दरवाजा जेमतेम बोटभर सरकायचा. उजाडेपर्यंत हाताची सालं निघाली. दुसऱ्या दिवशी मी ते हँडल दरवाजाजवळच्या भिंतीवर खिळा ठोकून टांगलं, आणि सोमवारी जनरेटर मोटर जोडूनच चालवायचा असं ठरवून घेतलं. चार आण्यांचा खिळा. अहवाल, निविदा, काही लागलं नाही.

हे लहान धरणाचं झालं, पण मोठ्या व्यवस्थेतही गोष्ट तीच. 1967च्या भूकंपात कोयनेची वीज तुटली आणि मुंबई-पुण्याचे कारखाने थंडावले. पुढं 1981 साली मुंबईसाठी आयलँडिंगची सोय झाली. बाहेरचं मोठं जाळं कोसळलं तर शहरानं आपोआप त्यातून सुटायचं आणि स्वतःच्या विजेवर बेटासारखं तगायचं. तिनं मुंबईला कित्येकदा तारलंही. पण 12 ऑक्टोबर 2020ला, सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला, ती कामी आली नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या, दवाखाने जनरेटरवर गेले. कोविडचे दिवस होते. जी सोय कधीतरीच लागणार, तिच्या भोवतीचं शहर वाढत जातं आणि सोयीचा हिशेब मागच्या सालातला राहतो.

म्हणून मला कुणी धरणाचं विचारलं की मी आता उलटा प्रश्न विचारतो. त्या दवाखान्यातल्या मुलीलाही विचारला. म्हटलं, "भिंतीची काळजी करू नकोस, बाळ. मला सांग, तुमच्या इथला जनरेटर कुठं ठेवलाय?"

"तळघरात," ती म्हणाली. कृष्णा-कोयनेचा संगम तिथून जवळ. पूर आला की पाणी आधी कुठं शिरतं ते तिला मी सांगायची गरज नव्हती, ती माझ्याकडे बघतच राहिली. मग घाईनं म्हणाली, "पण काका, दर आठवड्याला चालू करून बघतात हं."

"लोड टाकून?"

तिनं सुई काढली, कापूस दाबला. "हात दुमडून धरा, काका," म्हणाली, "मी विचारून येते."