उत्तूरच्या अलीकडे

उत्तूर अजून चार-पाच किलोमीटर दूर असताना माझ्या डाव्या टाचेचा फोड इतका टरारला की पाऊल टेकणे अशक्य झाले आणि मी रस्त्याच्या कडेला, उसाच्या फडालगतच्या बांधावर बसले. दिवस तिसरा होता, दुपारचे दोन वाजून गेले होते. बाकीचे पुढे निघून गेले होते आणि लाऊडस्पीकरवरचा आवाज वळणाआड जाऊन अस्पष्ट ऐकू येत होता. दुःखाच्या रहस्यांची, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या प्रसंगांची, जपमाळ चालू होती. मी माझ्या जागेवरून उत्तर देत राहिले, पण खरे सांगायचे तर माझे लक्ष प्रार्थनेत नव्हते. मला राग आलेला होता, आणि तो फोडाचा नव्हता.

२४ नोव्हेंबरला, नोव्हेनाच्या म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या पहिल्या दिवशी, पहाटेची मिस्सा करून आम्ही कोल्हापुरातून निघालो. जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या ३ डिसेंबरच्या सणाला पोचायचे, म्हणजे नऊ दिवसांत दोनशे किलोमीटरांच्या वर चालायचे. आम्ही घरात हिला वारीच म्हणतो. कोल्हापूरच्या ख्रिस्ती माणसांत आम्ही कॅथलिक थोडे; बहुतेक शेजारीपाजारी अमेरिकन मिशनच्या मंडळ्यांतले, आणि त्यांना आमच्या माळेचे, मूर्तींचे आणि संतांच्या सणांचे थोडे नवल वाटते. तरीही निरोप द्यायला त्यांच्यातल्या दोघी-तिघी आल्या होत्या, एकीने डब्यात धपाटे दिले होते. शिवाजी विद्यापीठ, उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव, कागल असा पहिला दिवस गेला, आणि दुसरा निपाणीपर्यंत; या दोन दिवसांचे मला मोटारींचे कर्णे आणि पहाटेची थंडी एवढेच आठवते.

आम्ही ३१ जण होतो आणि त्यांतल्या २२ स्त्रिया. निपाणी सोडताना आमच्यातल्या निवृत्त नर्स मावशींनी, सवयीने, जपमाळेच्या पहिल्या दशकाला, म्हणजे दहा मण्यांच्या गटाला, सुरुवात केली: "नमो मरिये, कृपापूर्णे." त्या चाळीस वर्षे आपल्या गल्लीतल्या घराघरांतून ऑक्टोबर महिन्याची जपमाळ चालवत आल्या आहेत, कोणाच्या घरी मयत असो वा बाळंतपण. यात्रेची व्यवस्था पाहणारे काका मागे वळून अगदी सौम्यपणे म्हणाले, "बाई, सुरुवात मी करतो, तुम्ही सगळ्या उत्तर द्या." मावशी थांबल्या. त्यांनी पदर सारखा केला आणि उत्तर द्यायला लागल्या. माझ्या मनात मात्र ते सौम्य वाक्य खड्यासारखे टोचत राहिले, कारण पाच दशकांच्या एका माळेत "स्त्रियांमध्ये तू धन्य" हे शब्द ५३ वेळा येतात, आणि त्या ५३ वेळा ते शब्द एक पुरुष स्पीकरवरून म्हणणार आणि २२ स्त्रियांनी खाली मान घालून फक्त उरलेला अर्धा भाग म्हणायचा, असे ठरल्यासारखे झाले.

बांधावर बसल्या बसल्या मी हेच घोळवत होते, तेवढ्यात फडातून एक बाई आली. डोक्याला टॉवेल बांधलेला, हातात कोयता, अंगातल्या साडीवर पुरुषी शर्ट. वय तिशीच्या आतबाहेर असावे. तिने माझ्या पायाकडे पाहिले, काही विचारले नाही, आणि मला उठवून चाळीस-पन्नास पावलांवरच्या कोपीत नेले. उसाच्या पाचटाने शाकारलेली ती कोपी इतकी बुटकी की वाकून आत जावे लागले. आत एक मूल झोपले होते. तिने चुलीवर पाणी ठेवले, त्यात मीठ टाकले आणि पितळी घमेले माझ्यापुढे सरकवले.

"पाय द्या ताई इकडं."

मी मागे घेतला. धुळीने माखलेला, रक्त साकळलेला पाय परक्या बाईच्या हाती द्यायचा संकोच वाटला, आणि खालच्या मानेने सेवा करून घेणे मला कधी जमलेलेही नाही.

"लाजू नका. बाईच्या पायाला बाईनं हात लावला तर काय होतंय?"

तिने दोन्ही पाय धुतले. दुखणारा एक, आणि न दुखणाराही. बोटांच्या बेचक्यांतली माती काढली. मग सुई विस्तवावर धरली, तिच्यात पांढरा दोरा ओवला आणि फोडाच्या एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने काढला. पाणी दोऱ्यावरून हळूहळू झिरपू लागले. दोन्हीकडे बोटभर दोरा सोडून तिने तो तोडला. "दोरा काढू नका, आपोआप वाळंल. आमच्या दिंडीत असंच करत्यात." वर खोबरेल तेलात कालवलेली हळद लावली.

पुण्यगुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पाय धुण्याचा विधी मी लहानपणापासून पाहत आले आहे. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून फादर बारा जणांचे पाय धुतात, आणि नियमाने ते बारा पुरुषच असत. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१६ मध्ये तो नियम बदलला आणि देवाच्या प्रजेतील कोणाचेही, स्त्रियांचेही, पाय धुता येतील असे केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आमच्या कोल्हापुरात अंबाबाईच्या गाभाऱ्यात स्त्रियांनी जावे की नाही यावरून रस्त्यावर रण पेटले होते, आणि जूनमध्ये रोमने मग्दालिया मरियेचा २२ जुलैचा स्मृतिदिन प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीचा सण म्हणून वर चढवला. जिला पोप ग्रेगरी यांच्या ५९१ सालच्या एका प्रवचनापासून शतकानुशतके पापिणी म्हणून ओळखले गेले, तिला 'प्रेषितांची प्रेषिता' या नावाने वेदीवर पुन्हा मान मिळाला. त्या वर्षी मी या तिन्ही बातम्या कापून वहीत चिकटवल्या होत्या. पण पाय धुऊन घेणे म्हणजे काय, हे मला त्या कोपीत समजले, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आले.

तिने माझ्या हातातली माळ पाहिली. "माळकरी का तुम्ही? कुठली दिंडी म्हणायची ही?"

मी सांगितले, आम्ही ख्रिस्ती, गोव्याला निघालो आहोत. तिला त्यात काही विशेष वाटले नाही. ती बीडकडची. "आम्ही आषाढीला जातो पंढरीला. कार्तिकीला न्हाई, कार्तिकीला आम्ही फडात." मग तिने विचारले, या माळेवर काय म्हणता. मी म्हटले, "स्त्रियांमध्ये तू धन्य, आणि धन्य तुझे उदरफळ."

"उदर म्हंजे पोट ना?"

"हो."

ती थोडा वेळ घमेल्यातले गढूळ पाणी पाहत राहिली. "मही पिशवी काढली मागल्या साली. दोन पोरी झाल्या, मंग काढली. दुखत हुतं, खाडे पडत हुते." एवढेच, आणि उठून तिने ते पाणी बाहेर उसाच्या बुडाशी ओतले.

मला पुढे काय बोलावे ते सुचले नाही. बीडच्या ऊसतोड स्त्रियांविषयी वर्तमानपत्रांतून वाचले होते. २०१९ साली शासनाने चौकशी समितीही नेमली होती. वाचणे वेगळे. गर्भाशय ज्या प्रार्थनेत धन्य म्हटले जाते ती प्रार्थना हातात धरून मी अशा एका बाईसमोर बसले होते जिने मजुरी बुडू नये म्हणून ते काढून टाकले होते. मग तिनेच विचारले, "तिला धन्य कोण म्हणालं?"

आणि उत्तर देताना ते माझ्याच कानांवर प्रथमच पडल्यासारखे झाले. तिला तसे म्हणणारी अलिशिबा, तिच्या नात्यातली वयस्क बाई. देवदूताने नमस्कार केला खरा, पण "स्त्रियांमध्ये तू धन्य" हे शब्द देवदूताचे नाहीत. मरिया डोंगराळ मुलखातल्या तिच्या घरी गेली, उंबरठ्यावर तिने हाक मारली, आणि सहा महिन्यांची गरोदर अलिशिबा ते शब्द मोठ्याने बोलली. लूकच्या शुभवर्तमानात 'उच्च स्वराने' असे स्पष्ट लिहिले आहे. त्या घरातला पुरुष, तिचा नवरा जखऱ्या, मंदिरातला याजक होता, आणि विश्वास न ठेवल्यामुळे त्या वेळी त्याची वाचा गेलेली होती. याजक मुका बसला होता आणि दोन गरोदर बायका देवाची स्तुती करत होत्या. तिथेच मरियेने ते गीत गायले, जे आजही चर्चच्या रोजच्या संध्याप्रार्थनेत म्हटले जाते: देव सत्ताधीशांना आसनावरून खाली ओढतो, दीनांना उंच करतो, भुकेल्यांना तृप्त करतो.

"बाईनंच म्हटलं म्हणा की," ती म्हणाली, आणि कोयता उचलून फडात गेली. पैसे मी पुढे केले तेव्हा तिने हात जोडले. तिचे नाव मी विचारले नाही, याचा मला अजून त्रास होतो.

आजरा आला आणि गेला. आंबोलीच्या मुक्कामी रात्री मी काकांशी बोलले. आवाज चढू न देता मी त्यांना अलिशिबेचे सांगितले. स्त्रियांना वाचक आणि वेदीसेवक या सेवापदांवर कायमचे नेमता येईल असा बदल जानेवारी २०२१ मध्ये चर्चच्या कायद्यातच झाला आहे, तेव्हा रस्त्यावरच्या जपमाळेला तर कसलीच आडकाठी नव्हती आणि नाही, हेही सांगितले. ते वाईट मनाचे गृहस्थ नाहीत. नऊ दिवस ३१ माणसांचे पाणी, जेवण, औषधे त्यांनी सांभाळली आणि सर्वांत शेवटी झोपले. पण उत्तर एकच आले: "पूर्वीपासून असंच चालत आलंय." दुसऱ्या दिवशी सकाळी माइक त्यांच्याच हातात होता. मावशींनी मात्र, मी काही न सांगता, घाटात मागच्या बाजूला आपली माळ सुरू केली. पुढे एक, मागे एक. पुढचे लोक तिसऱ्या रहस्यावर आणि आम्ही दुसऱ्यावर. दोन्ही आवाज दाणोलीपर्यंत एकमेकांत अडकत राहिले, काहींना ते आवडले नाही आणि त्यांनी तसे बोलून दाखवले. मला ती सकाळ फार प्रिय आहे.

सावंतवाडीच्या अलीकडे माझ्या आजीचे गाव लागते. वाट थोडी वाकडी करून मी आणि मावशी त्या चर्चच्या दारापाशी गेलो. दुपारचे दार बंद होते, त्यामुळे आम्ही पायरीवरच बसलो. हीच ती पायरी. आजीला पाच मुले झाली. प्रत्येकाचा बाप्तिस्मा काही दिवसांतच होई, बाळाला दुसरीच कोणी बाई घेऊन जाई आणि आजी घरी असे. आपल्या पाचही मुलांचा बाप्तिस्मा तिने पाहिला नाही. चाळीस दिवसांनी ती पेटती मेणबत्ती घेऊन या दाराबाहेर गुडघे टेकून थांबे. फादर बाहेर येत, पवित्र पाणी शिंपडत, आपल्या गळ्यातल्या स्टोलचे टोक तिच्या हाती देत आणि तिला आत नेत. पुस्तकातला विधी उपकारस्तुतीचा होता, तिच्या लाजेचा नव्हता. पण घरात सगळे त्याला 'शुद्ध होणे' म्हणत आणि आजीही तसेच म्हणे. ज्या बाईच्या अंगातून बाळ आले तिने देवाच्या दाराबाहेर थांबायचे, हे तिला कधी खटकले का, मी तिला विचारले होते. ती म्हणाली होती, "मरियाबायपण चाळीस दिस थांबली मगो, दोन कबुतरां घेऊन." आजीचा अपमान झाला असे म्हणावे, तर तिनेच त्यातून मरियेच्या बरोबरीचे स्थान काढून घेतले होते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ साली बाप्तिस्म्याचा नवा विधी आला. आता आई बाळाला हातात घेऊन वेदीपाशी उभी राहते आणि शेवटचा आशीर्वाद सर्वांत आधी तिला मिळतो. माझ्या मुलाच्या वेळी मी तशी उभी होते. आजी पहिल्या बाकावर होती आणि त्या आशीर्वादाच्या वेळी तीही उठून उभी राहिली, बाकी सगळे बसलेले असताना. का ते तेव्हा मला कळले नव्हते. पायरीवर हे सांगताना मावशींनी माझा हात धरला. मग त्यांनी बंद दारासमोर मोठ्याने सुरुवात केली, आणि मी उत्तर दिले.

बांदा, पेडणे, म्हापसा. डांबर तापलेले, खांदे दुखलेले, पेजेची आठवण. जुन्या गोव्यात गर्दी अफाट होती. सायबाच्या, म्हणजे संत झेवियरच्या, पायांशी मी काही क्षणच पोचले. बाहेर, मांडवाखाली, गोव्यातल्या बायका "नमान मारिये" म्हणत होत्या, आजीच्या भाषेत, आणि कोणीही पुरुष सुरुवात करायला पुढे आलेला नव्हता.

मावशींनी पिशवीतून चिमटा बाहेर काढला आणि माझी टाच मांडीवर घेतली. दोरा वाळला होता. ओढताच निघाला, खालची कातडी गुलाबी आणि कोरडी होती. "छान घातलाय," नर्सच्या नजरेने त्या म्हणाल्या, "कोणी?" मी सांगितले. विनंत्यांच्या पेटीत टाकायच्या चिठ्ठीवर नावासाठी एक ओळ होती. मी पुष्कळ वेळ पेन धरून बसले आणि शेवटी लिहिले: 'उत्तूरच्या अलीकडची ताई, आणि तिच्या दोन मुली.'