जुनी रेकॉर्ड आणलीत? आधी धुवा, मग वाजवा

जुनी रेकॉर्ड हातात आली की कधी एकदा टर्नटेबलवर लावतो असं होतं, मलाही होतं, पण आता मी धुतल्याशिवाय सुई टेकवतच नाही. वर दिसते ती धूळ निघते हो, खरा मळ बसलेला असतो ग्रूव्हमध्ये, आणि ती खाच जेमतेम केसाएवढी. सुईचा भार दीड-दोन ग्रॅमच, पण तो एवढ्याशा टोकावर येतो, त्यामुळे आतला कण खाचेच्या भिंतीवर घासला जातो आणि मग ती खरखर कायमची, नंतर कितीही धुवा.

कोरडं कापड तर फिरवूच नका, मळ अजून आत जातो आणि वर स्टॅटिकमुळे, म्हणजे घासून तयार होणाऱ्या विजेमुळे, नवीन धूळ चिकटते ती वेगळीच.

मी लिटरभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब टाकतो, बस. नळाच्या पाण्यातले क्षार वाळून खाचेतच बसतात म्हणून ते नको. मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा कधीच नाही, आणि मधलं लेबल कोरडं ठेवायचं. यानंतरची पायरी बरेच जण गाळतात, ती म्हणजे नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने खळबळून काढणं. साबण आत वाळला तर तोच सुईला चिकटतो. मी दोनदा धुतो, मायक्रोफायबरने अलगद टिपतो आणि पूर्ण वाळेपर्यंत उभी ठेवतो.

परवाची एक रेकॉर्ड दिसायला चकाचक होती, तरी टिपताना पांढऱ्या कापडावर करडा पट्टा उमटला. कडेला कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा, रेघ न् रेघ दिसत होती, बोटाचं तेल धूळ अशी धरून ठेवतं. म्हणून कडा आणि लेबल सोडून कुठेही बोट लावू नका.

आणि हे प्लीज लक्षात ठेवा, 78 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या बहुतेक लाखेच्या असतात, त्यांना अल्कोहोलवालं क्लीनर अजिबात लावू नका, लाख विरघळते. माझी एक अशीच गेली, अजून वाईट वाटतं.

धुतलेली रेकॉर्ड परत त्याच जुन्या कागदी स्लीव्हमध्ये घालू नका, नवीन अँटीस्टॅटिक स्लीव्ह घ्या आणि उभीच ठेवा. परवाचीला तसंच केलं, आणि मग वाजवली तर दोन गाण्यांच्या मधल्या जागेत अगदी शांत, कडव्याआधी गायिकेने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला.