आर्क्टिक व्हिलेज: पाडसांच्या माळाखालचं तेल

अलास्कातल्या फेअरबँक्सहून निघालेल्या छोट्या विमानात माणसं मोजकीच, सामानाची खोकीच जास्त. आर्क्टिक व्हिलेजला रस्ता नाही. पिठापासून पेट्रोलपर्यंत सगळं आकाशातून येतं. युकॉन नदी मागे पडली की खाली तळी आणि स्प्रूसची बुटकी झाडं, आणि मग चँडलार नदीच्या पूर्व फाट्याकाठी खडीची धावपट्टी. ऑगस्ट संपत आला होता, डोंगरउतार तांबडे-पिवळे झाले होते.

गावात जेमतेम दीडशे माणसं, ग्विचिन जमातीची. इथे यायला गावाची परवानगी घ्यावी लागते, कारण जमीन त्यांची आहे. १९७१च्या कायद्याने अलास्काच्या मूळ रहिवाशांना जमिनीवरच्या हक्काच्या बदल्यात पैसा देऊन कंपन्यांचे भागधारक बनवलं, तेव्हा आर्क्टिक व्हिलेज आणि शेजारच्या व्हेनेटायने पैसा नाकारून सुमारे १८ लाख एकर जमीन स्वतःकडे ठेवली. या एका निर्णयामुळे इथल्या लोकांबद्दलचा माझा आदर दुणावला.

ज्या आजींकडे मी उतरले, त्यांच्या मागच्या खोपटात कॅरिबूच्या, म्हणजे तिकडच्या रानटी रेनडिअरच्या, मांसाच्या लांब पट्ट्या धुरावर वाळत होत्या. हिवाळ्याची बेगमी. विमानाने आलेल्या मांसाचा भाव इथे परवडण्यासारखा नाही, आणि आजींच्या मते ते अन्नही नव्हे. कळप येतो तेव्हा पहिले कॅरिबू जाऊ द्यायचे, पुढे चालणाऱ्यांना मारायचं नाही, हा जुना दंडक त्यांनी मला दोनदा सांगितला.

कॅरिबूंच्या या कळपाचं नाव पॉर्क्युपाइन कळप. २०१७च्या मोजणीत २ लाख १८ हजार. दर वसंतात तो ब्रुक्स पर्वतरांग ओलांडून आर्क्टिक समुद्राकाठच्या माळावर जातो आणि जूनच्या सुरुवातीला माद्या तिथे वितात. तिथे कोवळं कापूसगवत असतं, लांडगे-अस्वलं कमी, आणि समुद्रवाऱ्याने डास उडून जातात. ग्विचिन लोक त्या माळाला जीवन सुरू होतं ती पवित्र जागा म्हणतात. उपासमारीतही तिकडे शिकारीला जायचं नाही, अशी त्यांची रीत. आणि नेमकं तिथेच, सुमारे १५ लाख ६० हजार एकरांच्या पट्ट्यात, तेल काढायचं आहे.

२०१७च्या कायद्याने तो पट्टा तेल काढण्याच्या हक्कांच्या लिलावाला खुला केला. बांधकाम फक्त २,००० एकरांवर होईल, असं समर्थक सांगतात. मला हा युक्तिवाद अप्रामाणिक वाटतो. ते एकर एकसलग नाहीत; जागोजागी विहिरी, त्यांना जोडणारे रस्ते, आणि उंच खांबांवरच्या पाइपलाइनची जागा मोजायची ती फक्त खांब टेकतात तेवढी. पश्चिमेला प्रुडो बेच्या तेलक्षेत्रात पाडसं असलेल्या माद्या रस्ते आणि विहिरींपासून कित्येक किलोमीटर लांब राहतात, हे संशोधकांनी नोंदवलंय. तिथे माळ रुंद आहे, सरकायला जागा आहे. इथे डोंगर समुद्राजवळ येतात. माद्या सरकणार कुठे?

समुद्रकाठच्या काक्टोविक गावातल्या इनुपियाक लोकांपैकी अनेकांना मात्र तेल हवंय. शाळा, दवाखाना, नळाचं पाणी तेलाच्या करांतून आलं, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. त्यांना खलनायक ठरवणं मला जमणार नाही. पण ज्यांच्या ताटातलं अन्न त्या माळावर जन्मतं, त्यांचा नकार त्यामुळे हलका होत नाही.

हा नकार जुना आहे. १९८८मध्ये ग्विचिन गावं याच आर्क्टिक व्हिलेजमध्ये जमली आणि या माळाच्या रक्षणासाठी समिती नेमली. तेव्हापासून इथली माणसं वॉशिंग्टनच्या वाऱ्या करताहेत, बँका आणि विमा कंपन्यांची दारं ठोठावताहेत. त्याचा परिणाम दिसतो. अमेरिकेतल्या बड्या बँकांनी आर्क्टिकमधल्या तेलाला थेट कर्ज देणार नाही असं जाहीर केलं होतं. जानेवारी २०२१च्या लिलावात एकही मोठी तेल कंपनी आली नाही, बहुतेक भाडेपट्टे अलास्का राज्याच्याच संस्थेने घेतले. जानेवारी २०२५मध्ये तर एकही बोली लागली नाही.

तरीही जुलै २०२५मध्ये दहा वर्षांत आणखी चार लिलाव सक्तीचे करणारा कायदा झाला. कोणी बोली लावत नसताना पुन्हा पुन्हा लिलाव कशाला, असं मी आजींच्या भाचीला विचारलं. ती म्हणाली, "आम्ही थकण्याची वाट बघताहेत." मग तिने पुढच्या सुनावणीला कोण कोण जाणार, त्याची यादी पुढे ओढली.